अकराव्या पानावरची सहावी नोंद

गेल्या वर्षी सप्टेंबरमधल्या एका रविवारी दुपारी तीन वाजता सिंगापूरमधल्या एका हौशी इंग्रजी नाट्यमंडळीने राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका विनोदी संगीतिकेचा प्रयोग केला. प्रेक्षकांना दिलेल्या पत्रिकेच्या अकराव्या पानावर या शहरात तिचे पूर्वी झालेले प्रयोग क्रमाने दिले होते. नोंदी सात होत्या. ती यादी मी केली होती. हे टिपण सहाव्या नोंदीविषयी आहे.

इथल्या पाया लेबार भागात ज्या कंपनीत मी पत्रकं आणि अहवाल लिहिते, तिथली माझी एक चिनी सहकारी या मंडळीच्या कोरसमध्ये गाते. त्यांची पत्रिकाही तीच काढते. सिंगापूरला येण्याआधी मी मुंबईत एका दैनिकाच्या डेस्कवर होते, हे तिला माहीत होतं. एकदा लिफ्टमध्ये तिने इथल्या इंग्रजीच्या लकबीत विचारलं, "जुन्या प्रयोगांची यादी करून देशील? एकच पान आहे. इझी, ला."

संगीतिकेची गोष्ट लहान आहे. एका बंदरावरचा जकात अधिकारी इतका नियमाचा पक्का असतो, की स्वतःच्याच लग्नासाठी बोटीने आलेल्या नवरीच्या पेट्याही तो उघडायला लावतो. पेट्यांत कर न भरलेली लेस सापडते. पहिल्या अंकात लेस जप्त होते, दुसऱ्यात लग्न लागतं. मध्ये अधिकाऱ्याचं आणि नवरीचं एक सवालजवाबाचं गाणं आहे. ते एका दमात, जिभेला गाठ पडेल अशा वेगाने म्हणायचं असतं. सगळे प्रयोग त्या गाण्यावर तरतात किंवा बुडतात.

मी वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं पाहिली. पहिली नोंद वसाहतीच्या काळातल्या एका क्लबची निघाली. तिथे नवरीचं काम एका दाढी काढलेल्या कारकुनाने केलं होतं. नंतर एका शाळेचे प्रयोग होते, मग याच मंडळीचे. एक प्रयोग मी गाळला. त्याची जाहिरात तीन वेळा छापून आली होती, पण परीक्षण नव्हतं, आणि चौथ्या दिवशी तिकिटं परत घेण्याची सूचना होती. जाहिरात म्हणजे प्रयोग झाल्याचा पुरावा नव्हे. यादीसाठी मी डेस्कवरचाच नियम ठेवला: एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे असतील तरच नोंद.

सहा नोंदी झाल्यावर मी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सहज विचारलं, की ही संगीतिका कुणी इथे पाहिली आहे का. अर्ध्या तासात फोन आला. यिशुन उपनगरात राहणारे एक काका बोलत होते. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि इथले नागरिक आहेत. मंडळात त्यांना सगळे "आमचे नाटककार" म्हणतात. मी त्यांना गणपतीत आरतीला पाहिलं होतं.

"पाहिली काय विचारतेस? मी केलीय ती! मराठीत! रूपांतर माझं, जकात अधिकारीही मीच. तीन प्रयोग. घे लिहून."

"काका, कागद काही आहे? पत्रिका, फोटो?"

"मंडळाच्या नाटकाला कसली आलीय पत्रिका? नावं स्टेजवरून सांगायचो आम्ही. तू ये तर खरी."

पान गुरुवारी छपाईला जाणार होतं. मी रविवारी सकाळी गेले.

काकांचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे. त्यांनी फोटो काढूनच ठेवला होता. फोटोत काका लाल कोटात होते, डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी होती आणि मागे मंडळाचा फलक. मंडळाने कुठलं तरी नाटक केलं, एवढं त्यावरून सिद्ध होत होतं. कुठलं, ते होत नव्हतं. मंडळाचं इतिवृत्त मी आधीच मागवून पाहिलं होतं. त्यात "गणेशोत्सवानिमित्त करमणुकीचा कार्यक्रम" एवढीच ओळ होती. कार्यक्रम सभासदांपुरता होता, त्यामुळे परवान्यासाठी संहिता कुठे सादर केलेली नव्हती.

"म्हणजे माझा शब्द चालणार नाही?" काकांनी विचारलं.

"तुमचा शब्द एक पुरावा धरते. दुसरा हवा."

"बँकेत मी लोकांना हेच सांगायचो," ते म्हणाले आणि फोटो उचलला. मग म्हणाले, "हे बघ, मला स्पष्ट सांगायला आवडतं. मुलं अमेरिकेत. इथे मी काय केलं म्हणून काही उरणार आहे, तर हे. त्या इंग्रजांच्या यादीत एक ओळ येऊ दे. रूपांतरकार म्हणून नाव येऊ दे. बाकी काही नको."

काकू पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आल्या. "तीन प्रयोग म्हणाले का तुला?"

"तीनच झाले," काका म्हणाले.

"दोन. तिसरी रंगीत तालीम होती. प्रेक्षक म्हणून चार जणींचे नवरे बसवले होते, त्यातला एक झोपला."

"नारळ फोडला होता!"

"नारळ फोडला म्हणजे प्रयोग होतो? मग मी रोज सकाळी प्रयोगच करते की स्वयंपाकघरात."

काका हसले नाहीत. मी विचारलं, प्रयोग कोणत्या वर्षी झाला. काकांनी एक वर्ष सांगितलं, काकूंनी दुसरं. काकू म्हणाल्या, "थांब, कॅलेंडरात असेल."

मराठी घरांत भिंतीवर टांगायचं कॅलेंडर भारतातून येतं, इथेही. काकूंनी चाळीसेक वर्षांची कॅलेंडरं जपून ठेवली होती. कारण तारखा नव्हेत, पानांच्या मागे छापलेल्या पाककृती. स्वयंपाकघराच्या वरच्या कपाटातून त्यांनी गठ्ठा काढायला लावला आणि वर्षं उलटत गेल्या. "हे बघ. भरल्या तोंडल्यांचं पान. याच महिन्यात."

पान उलटं केलं. एका शनिवारच्या चौकटीत "प्रयोग १" लिहिलं होतं, पुढच्या शनिवारच्या चौकटीत "प्रयोग २". चतुर्थीच्या आदल्या दिवशी "मोदकांचं पीठ, रंगीत तालीम". वर्ष काकूंचं बरोबर निघालं, प्रयोगांचा आकडाही.

आधीचे दोन महिने पाहायचं मला कारण नव्हतं. जुन्या सवयीने पाहिले. त्या पानांवर डेंटिस्ट, फी, आईला फोन अशा नोंदींच्या मध्ये बारीक अक्षरांत ओळी होत्या. एका चौकटीत एक, कधी अर्धी, कितीतरी खोडलेल्या. एका चौकटीत "लेस?" असं लिहून त्यावर रेघ मारली होती. दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत "जाळी" होतं. त्याच्या पुढच्या दिवशी हे:

*ही पूड कसली? मेतकूट. हा खडा कसला? हिंगाचा.*
*ही जाळी कसली? कुरडई. हा डाग कसला? लोणच्याचा.*

मूळ गाण्यात अधिकारी लेसचे प्रकार विचारतो. इथे तो भारतातून आलेल्या बायकोची बॅग तपासत होता.

"हे कुणाचं अक्षर?" मी विचारलं.

मग काकू म्हणाल्या, "माझंच. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता सुचायचं. वही आत असायची, हाताशी कॅलेंडर."

"पाठांतरासाठी उतरवून घेतलं असेल हिने," काका म्हणाले.

"पाठांतरासाठी उतरवताना कुणी खोडतं का हो?"

मी वही मागितली. ती प्रॉम्प्टरची प्रत होती, निळ्या पुठ्ठ्याची. काकू विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत असत. वहीत संवाद काकांच्या अक्षरात होते, उभ्या, बँकेतल्या. गाणी सगळी काकूंच्या अक्षरात होती. मी पानं मोजली नाहीत. दोन्ही अक्षरं वेगळी ओळखायला मोजण्याची गरज नव्हती.

मग जे झालं होतं ते दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांना मध्येच तोडत. पहिल्या प्रयोगाआधी मंडळाच्या सचिवांनी पडद्यापुढे येऊन नावं सांगितली. त्यांना कुणी कागद दिला नव्हता. ते म्हणाले, रूपांतर आणि दिग्दर्शन काकांचं. काका लाल कोट घालून पडद्यामागे उभे होते. काकू विंगेत वही घेऊन बसल्या होत्या. टाळ्या झाल्या आणि पडदा उघडला.

"दुरुस्त करायचं राहून गेलं," काका म्हणाले.

"दुसऱ्या प्रयोगाला पण तेच सांगितलं त्यांनी."

"तू तरी बोललीस का?"

"मी विंगेत होते. प्रॉम्प्टरने बोललेलं प्रेक्षकांना ऐकू जायचं नसतं."

मी काकांना सांगितलं, की नोंद आता देता येते. तुमचा शब्द आणि कॅलेंडर, दोन पुरावे झाले. पण रूपांतर फक्त त्यांच्या नावावर देता येणार नाही. एक तर दोन्ही नावं जातील, नाही तर रूपांतरकाराचं नाव न देता नोंद जाईल. बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा.

"मंडळात लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. "इतकी वर्षं नाटककार, नाटककार करतात."

"माझं नाव नको गं घालूस," काकू मला म्हणाल्या. "उगाच बायका विचारत बसतील, इतके दिवस का बोलली नाहीस म्हणून. त्याला उत्तर कुठून देऊ?"

"काकू, ते तुमच्या दोघांत ठरवा. मी फक्त चुकीचं छापणार नाही."

"जेवून जा," त्या म्हणाल्या. मी थांबले नाही. वही आणि कॅलेंडरची तीन पानं मी मोबाइलवर टिपून घेतली.

घरी माझ्या मुलीने फोटो पाहिले. ती इथल्या शाळेत जाते आणि मराठी वाचते ती बोट ठेवून. तिने गाणं दोनदा वाचलं आणि इंग्रजीत म्हणाली, "दिस वन इज फनी. हू रोट इट?" मी म्हटलं, बुधवारी सांगते.

सोमवारी आणि मंगळवारी फोन आला नाही. मंगळवारी सहकारिणीने जेवणाच्या सुट्टीत, हॉकर सेंटरमध्ये, विचारलं, सहाव्या नोंदीचं काय झालं. रूपांतरकाराच्या नावाची जागा मी रिकामी ठेवली होती. ती म्हणाली, "रिकामी जागा छापता येत नाही. नाव नसेल तर 'अज्ञात' टाकू या."

"अज्ञात नाही," मी म्हटलं. "उद्या संध्याकाळपर्यंत थांब."

बुधवारी सव्वापाच वाजता काकांचा फोन आला.

"लिहून घे. संवाद माझे आहेत. ते तरी माझे आहेत ना?"

"हो. वहीत तुमच्या अक्षरात आहेत."

"मग तसं लिही. गीतं तिची, संवाद माझे. प्रयोग दोन." मग त्यांनी विचारलं, "आणि नावं कुठल्या क्रमाने जाणार?"

"तुम्ही सांगा."

मागे काकूंचा आवाज आला, "आधी यांचंच घाल."

"तू गप गं," काका म्हणाले. मग मला, "वहीत पहिल्या पानावर काय आहे?"

मी फोटो उघडून पाहिला. नाटकाची सुरुवात बंदरावरच्या हमालांच्या गाण्याने होते. पहिल्या पानावर गाणं होतं, काकूंच्या अक्षरात.

"गाणं आहे, काका."

"मग वहीत आहे त्या क्रमाने दे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

नोंद त्याच संध्याकाळी गेली. गुरुवारी पान छपाईला गेलं. शुक्रवारी काकांनी मंडळाच्या गटावर रविवारच्या प्रयोगाची वेळ आणि जागा टाकली. खाली लिहिलं, "पत्रिकेचे पान अकरा पाहावे." रूपांतराबद्दल काही लिहिलं नव्हतं. एकाने लगेच "अभिनंदन, नाटककार" असं टाकलं. काकांनी उत्तर दिलं, "पान पाहून मग बोला."

रविवारी मंडळाचे अकरा सभासद आले होते. काका आणि काकू तिसऱ्या रांगेत बसले. सवालजवाबाच्या गाण्यात अधिकाऱ्याचं काम करणारा गायक दुसऱ्या कडव्यात एक शब्द चुकला. काकूंचे ओठ हलले. मी त्यांच्या मागच्या रांगेत एका बाजूला बसले होते, आवाज ऐकू आला नाही, त्यामुळे शब्द मराठी होते की इंग्रजी हे मला सांगता येत नाही.

मध्यंतरात काकूंनी पत्रिका उघडली, चष्मा लावला आणि अकरावं पान वाचलं. सहाव्या नोंदीत त्यांचं नाव आधी होतं, काकांचं नंतर. पत्रिका मिटून त्यांनी पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली. काकांनी ती पाहायला हात पुढे केला होता. ते उठले, दारापाशी गेले आणि स्वतःसाठी दुसरी पत्रिका मागून घेऊन आले.