अडुळशाचा काढा

परवा कल्याणला मैत्रिणीकडे गेलेले. तिच्या गॅसवर अडुळसा उकळत होता. त्या कडवट वासाने मी थेट डोंबिवलीच्या आमच्या चाळीत जाऊन पोचले.

माझा मोठा भाऊ सुनीलदादा तेव्हा कॉलेजात होता. माळ्यावर त्याच्या पुस्तकांमागे आईला खोकल्याच्या औषधाच्या सात-आठ रिकाम्या बाटल्या सापडल्या. "पोरगा खोकून बेजार झालाय आणि सांगत नाही," असं म्हणत तिने शेजारच्या मावशींकडून अडुळशाची पानं आणली आणि काढा केला.

संध्याकाळचं ऊन दारात आलं होतं. दादा उंबऱ्यावर बसलेला, डोळे जड. आईने पेल्यात गुळाचा मोठा खडा टाकला, पदराने त्याचं कपाळ पुसलं. "बाटलीतली औषधं उष्ण पडतात रे. हे पी."

दादाने तिच्याकडे बघितलं नाही. एका दमात काढा प्यायला आणि तळाशी उरलेला गूळ नेहमीसारखा मला दिला. कडूगोड, कोमट. मला केवढा आनंद झालेला.

ते औषध तो नशेसाठी पितो हे कळायला आम्हाला आणखी दोन वर्षं लागली. तोवर तो हाताबाहेर गेला होता. मग गेलाच.

"घे गं थोडा, घशाला बरा," मैत्रीण म्हणाली. मी पेला नुसताच धरून बसले. एवढ्याशा खोलीत आम्ही चौघं शेजारी शेजारी झोपायचो. दादाला खोकताना कधी कुणी ऐकलंच नव्हतं.