धर्मेंद्रचा लाईव्ह अल्बम

धर्मेंद्रला एका जागी बसलेलं पाहिलंय असं सांगणारा कुणी आमच्या जामसर गावात भेटला, तर तो थापा मारतोय असं खुशाल समजा. कारकुनीची नोकरी आहे, म्हणजे कचेरीत तरी बसत असेल असं वाटतं. पण तिथेही हा उभ्यानेच कागद हाताळतो, आणि बोटं टेबलावर कुठलीतरी चाल वाजवत असतात. जेवतानाही एक पाय चपलेत. त्याची बायको ममता म्हणते, लग्नात सप्तपदी घेतली तेव्हापासून हा चालतोच आहे.

आमच्या पार्टीला लोक बँजो पार्टी म्हणतात. बँजो धर्मेंद्रच्या काकांबरोबरच संपला, नाव तेवढं उरलं. आता धर्मेंद्र कीबोर्ड वाजवतो, मी शाळेत मास्तर असूनही ऑक्टोपॅड बडवतो, आणि ढोलावर हेमराजदादा. आमच्या केसांतला काळा रंग आता मेंदीच्या कृपेने आहे. तरी जव्हार-मोखाड्यात लग्न म्हटलं की अजून आमचं नाव निघतं, कारण आम्ही एकदा सुरू झालो की थांबत नाही. तारपा नाचाची चाल, त्यातून गौरी नाचाची, मधेच धर्मेंद्रच्या डोक्यातलं काहीतरी भलतंच, पुन्हा तारपा. नाचणाऱ्यांचे पाय अडखळायच्या आत हेमराजदादा नवा ठेका धरून देतो. धर्मेंद्र उड्या मारतो, पायाखाली जमीन दादा पुरवतो.

खोडाळ्याच्या रस्त्याच्या कामावर एक इंजिनियर आला होता. एका लग्नात आमचं वाजवणं ऐकून तो धर्मेंद्रला म्हणाला, "अहो, तुम्ही तर प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवता!" धर्मेंद्रला वाटलं शिवी दिली. मग त्या माणसाने गाडीत बसवून परदेशातल्या एका जुन्या बँडचा अल्बम ऐकवला. लांबलचक गाणी, मधेच बदलणारे ठेके, बोल थोडे. वाजवणारे सगळे म्हातारे. लोकांसमोर एका दमात वाजवलेलं, जसंच्या तसं ठेवलेलं. टाळ्या, खोकला, सगळं. धर्मेंद्र गाडीतून उतरला तो थेट माझ्या घरी. "मास्तर, आपलाही लाईव्ह अल्बम करायचा."

मी हसलो. आमच्या चाली लोकांच्या मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी पडलेल्या असतात, वर माईकवाला आहेराची नावं ओरडतोय. कशाला हवा अल्बम? तेव्हा तो म्हणाला, "दादाचा हात जायला लागलाय." मग मी हसायचा थांबलो.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत हेमराजदादाच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या. नाशिकच्या डॉक्टरांनी मानेतली नस दबल्याचं सांगितलं. हात तापला की पूर्वीसारखा चालायचा. पण वाजवताना मधे थांबला की गेला, बोटांतून काठी आपोआप गळून पडायची. हा त्याचा शेवटचा हंगाम होता, हे तिघांनाही माहीत होतं आणि तिघेही त्यावर बोलत नव्हतो. एक आख्खी चाल, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, दादाच्या ढोलासकट रेकॉर्ड व्हावी एवढंच धर्मेंद्रला हवं होतं. त्यासाठी तो पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा तडफडत होता.

जव्हारकडच्या वांगणीला दादाच्या भाचीचं, प्रगतीचं लग्न निघालं. आडगाव, रस्ता नावापुरता, गाड्यांचा आवाज नाही. रेकॉर्डिंगवाला दिपेश यंत्रं मांडीवर घेऊन पिकअपमधून आदळत आला. धर्मेंद्रने मांडवात फिरून सगळ्यांना हात जोडले. आहेराची नावं नंतर पुकारा. शिट्ट्या मारू नका. जनरेटर घरामागे न्या. कुत्रीसुद्धा बांधून घातली. एका माणसाला सांगायचं मात्र राहिलं. पोशीबायला.

पोशीबाय म्हणजे धवलेरी, वारल्यांकडे लग्न लावणारी बाई. आत भिंतीवर बायका पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चित्र लिहितात, तो पुरा झाला की धवलेरी गाते, आणि ती गाते तेव्हा मांडवात दुसरं काही वाजत नाही. चौक कधी पुरा होईल ते घड्याळ सांगत नाही. धर्मेंद्रच्या घरी आता भटजी येतात, मुहूर्त छापलेला असतो, त्यामुळे त्याच्या डोक्यात ती आलीच नाही. हेमराजदादाला ठाऊक होतं. पण ही काय सांगायची गोष्ट आहे, असं त्याला वाटलं.

ऊन उतरताना आम्ही सुरू केलं. दादाचा हात तापला, आणि काय वाजवला त्या दिवशी तो माणूस! उजव्या हातातल्या बारीक काठीचे ठोके कढईत नागली फुटावी तसे तडतडत होते. डाव्या हाताकडे जाड काठी. धर्मेंद्र हसत होता, पोरं गोल धरून नाचत होती, मीही रडायच्या बेताला आलो होतो. शेवटची, सगळ्यात अवघड चाल अजून यायची होती. तेवढ्यात पोशीबाय दारात येऊन उभी राहिली.

बायकांनी हाताने थांबायची खूण केली. धर्मेंद्रने पाहिलं आणि मान फिरवली. पुढच्या चालीवर उडी मारली. मी ओरडलो, "अरे, थांब!" त्याने मलाही पाहिलं नाही.

ढोल बंद झाला. हेमराजदादाने दोन्ही काठ्या खाली जमिनीवर ठेवल्या होत्या. कीबोर्ड एकटाच थोडा धावला आणि गप्प झाला.

"दादा, काय केलंस हे!"

"तिचा मान हाय, धर्मा."

"आणि तुझा हात?"

"हाताचं मंग बघू. ती उभी हाय ना."

पोशीबाय गायला लागली. सावकाश, कुणाची घाई नसलेल्या आवाजात, मागून बायका ओळ उचलत होत्या. गाणं संपेचना. खोटं कशाला बोलू, मला त्या म्हातारीचा संताप आला होता. धर्मेंद्र मांडवाच्या कडेकडेने येरझारा घालत होता आणि दर फेरीला दादाच्या हाताकडे बघत होता. दादा उजवा हात मांड्यांमध्ये दाबून बसला होता.

गाणं संपलं. दादाने बारीक काठी उचलली. पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मग त्याने ती बाजूला सारली आणि डाव्या हाताने जाड काठी घेतली. एक ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

धर्मेंद्र नेहमीच्या वेगाने निघाला, एकटाच पुढे गेला, ओशाळून परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. शेवटी दादाच्या ठोक्याची वाट बघत वाजवू लागला. पोरं कंटाळून गोलातून बाहेर पडली आणि म्हाताऱ्या बायका आत आल्या. त्यांच्यात पोशीबायही होती. ती अवघड चाल आम्ही त्या एका काठीवर शेवटाला नेली.

दिपेशने घरी जाऊन ऐकलं आणि फोन केला. "शेवटचा भाग जरा पळवतो. बारीक काठीचे ठोके पहिल्या भागातून उचलून तिथे बसवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही." धर्मेंद्र हो म्हणाला. संध्याकाळी नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हो. दादाचं वाजवणं पुरं ठेवायचं होतं ना, मग पुरं करायला काय हरकत, असं मला विचारायचा. उत्तर ऐकायच्या आत उठून जायचा. ममता वैतागली, मीही वैतागलो. म्हटलं, "ज्याचा हात त्याला विचार की!"

आम्ही दोघे दादाच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. न बदललेलं रेकॉर्डिंग धर्मेंद्रने लावलं. पहिला भाग दादाने परक्याचं ऐकावं तसा ऐकला. पोशीबायच्या गाण्याला मान डोलावली. मग ती जाड काठी आली. एक ठोका, मग मोकळी जागा.

त्या मोकळ्या जागेत दादाचा उजवा हात उचलला गेला. बोटं वळत नव्हती, म्हणून आख्खा पंजाच मांडीवर पडत होता, हलका, भराभर. राहिलेले बारीक ठोके तो वाजवत होता. एकही चुकवला नाही. डोळे मिटलेले होते, आपण हे करतोय हे त्याला बहुतेक माहीतही नव्हतं.

चाल संपल्यावर धर्मेंद्रने दिपेशला फोन लावला. "काही भरू नकोस," एवढंच म्हणाला.