ग्यारसेच्या संध्याकाळचा हिरवा उजेड

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, देवासमोर बसूनसुद्धा नाही — देवासमोर मी दुसरंच काहीतरी पुटपुटते आणि उठते. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ऐकता ऐकता मध्येच माझ्याबद्दल बरं मत झालं तर जरा थांबा. ते टिकणार नाही.

आमच्याकडे आत्याबाई होत्या. माझ्या नवऱ्याची आत्या. लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, इंदूरच्याच एका मराठी शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. मी जळगावहून लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाई नव्हत्याच. भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस कशी करायची, सकाळी पोह्यांवर शेव किती घालायची, सगळं यांनीच शिकवलं. माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही माझ्यासाठी एखादं कारण शोधत बसणार नाही.

शेवटी शेवटी त्या विसरायला लागल्या होत्या. दूध गॅसवर ठेवायच्या आणि छतावर जाऊन बसायच्या. जेवताना तेच ते विचारायच्या. वैसे फार काही नाही हो — नातेवाइकांची नावं, जुने हिशेब, मंगलाष्टकं, सगळं पाठ होतं. पण मी कंटाळले होते. कंटाळले होते, असंच म्हणते, थकले म्हणत नाही. तुकोगंजला एका क्लिनिकमध्ये मी रिसेप्शनवर बसते. दिवसभर तिथली कुरकुर ऐकायची आणि घरी येऊन परत यांच्या मागे मागे फिरायचं. मी नवऱ्याला म्हणायचे, सिमरोलच्या रस्त्याला एक वृद्धाश्रम आहे, साफसुथरा आहे, जाऊन तर बघू. तो म्हणायचा, "आत्या कुठेही जाणार नाही." आणि टीव्ही लावायचा. विषय बंद.

आणि मग ती ग्यारस आली.

देवउठनी ग्यारसेला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, आम्ही तुळशीचं लग्न लावतो, छतावर, दिवेलागणीला. इंदुरात त्या संध्याकाळी दिवाळीचे उरलेसुरले सगळे पटाखे उडतात, त्यामुळे मंगलाष्टकं ओरडून म्हणावी लागतात. अंतरपाट धरायचा मान आत्याबाईंचा आणि माझा. मध्ये जुना पंचा, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. अलीकडे पाटावर बाळकृष्ण, पलीकडे कुंडीतली तुळस, खाली निरांजन. शेवटचं 'सावधान' होईपर्यंत अंतरपाट तसूभर हलता कामा नये, हा त्यांचा नियम. दरवर्षी मला बजावायच्या. त्या वर्षीही बजावलं. नवरा मोबाइलमध्ये बघून मंगलाष्टकं म्हणत होता. देवासहून आलेल्या जाऊबाई आणि शेजारच्या बायका मुठीत अक्षता धरून तुळशीकडे बघत होत्या. वर बघत होतो त्या फक्त आम्ही दोघी. खरं तर आधी त्याच. त्यांचा चेहरा एकदम उजळला — हिरवा — आणि मी मान वळवली.

काय सांगू तुम्हाला. माझ्या पाठीमागून, पूर्वेकडून, एक पेटलेला गोळा आला. रॉकेट नव्हे. रॉकेट वर जातं आणि फुटतं. हा आडवा चालला होता, आरामात, आवाज न करता. पुढे हिरवा, मागे नारंगी शेपूट. तुळशीच्या कुंडीची सावली छतावरून सरकत गेली, ती मी पाहिली. आमच्या डोक्यावरून तो पश्चिमेला गेला, तिथे त्याचे तुकडे झाले आणि एकेक करून विझले. बायकांपैकी कुणीतरी मान खालीच ठेवून म्हणालं, "किसी ने बड़ा वाला छोड़ा है." ग्यारसेला उजेड पडला तर वर कोण बघतं?

तेवढ्यात अंतरपाट सुटला. निरांजनावर पडला आणि भुरकन पेटला. जाऊबाईंनी ओढायला हात घातला, हात भाजला, फोड आले. नवऱ्याने कलशातलं पाणी ओतलं. आरडाओरडा, रडारड, लग्नाचा बट्ट्याबोळ. आणि त्या सगळ्या गोंधळात आत्याबाई पंच्याचं जळकं टोक घट्ट धरून उभ्या होत्या. लोकांनी काय समजायचं ते समजलं, की म्हातारीनेच अंतरपाट ओढला.

टोक त्यांच्या हातात होतं. म्हणजे सुटलं कुणाच्या हातून? इतकी साधी गोष्ट. कुणी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलंच नाही.

माझ्या हातून सुटलं. मी वर बघत राहिले आणि सोडून दिलं. त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं, नियमाप्रमाणे.

नवरा त्यांच्यावर कधी ओरडला नव्हता, त्या दिवशी ओरडला. त्या म्हणाल्या, "अरे, तारा पडला. एवढा मोठा. हिनेही पाहिलाय, विचार हिला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. जाऊबाई हात पाण्यात धरून बसल्या होत्या. मी म्हणाले, "मी काही नाही पाहिलं."

भीतीने म्हणाले? हो, पहिल्यांदा भीतीनेच. पण बोलून झाल्यावर नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि मला कळलं की आता तो आश्रमाचं ऐकेल. हे कळल्यावर मी गप्प राहिले. ती भीती नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर त्या उल्केची बातमी होती. ते पान मी भाजीच्या देठांबरोबर कचऱ्याच्या गाडीत टाकलं. नवऱ्याच्या मोबाइलवर व्हिडिओ आला असेल का? आला असेल. त्याने मला कधी विचारलं नाही, मीही त्याला नाही. दुपारी क्लिनिकमध्ये एका पेशंटने मला तोच व्हिडिओ दाखवला. खाली एक नंबर होता: आकाश बघणाऱ्या हौशी लोकांचा ग्रुप, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं त्यांनी फोन करा. आणि मी केला. मागच्या व्हरांड्यात जाऊन. कुणापाशी तरी खरं बोलायचं होतं मला, समजा हवं तर. तिकडचा माणूस फार नीट बोलणारा. म्हणाला, हात सरळ करा, मूठ वळा, तो गोळा क्षितिजापासून किती मुठी वर होता ते मोजा. मी व्हरांड्यात उभी राहून आभाळावर मुठी रचल्या. दिशा सांगितली, रंग सांगितला, तुकडे कुठे झाले ते सांगितलं. एक शब्द खोटा नाही. तो खूश झाला. म्हणाला, "मैडम, आप बहुत अच्छी गवाह हैं." मग विचारलं, तुमच्याबरोबर आणखी कुणी पाहिलं का? दोन जणांचं सांगणं जुळलं तर आम्हाला बरं पडतं.

मी म्हणाले, "नहीं, मैं अकेली थी."

हे मला जास्त डाचतं. घरी खोटं बोलले ते निदान माझ्या फायद्याचं होतं. तिथे काय फायदा होता?

दोन-चार दिवसांनी सकाळी मी कणीक मळत होते, तेव्हा आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या. दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "अंतरपाटाचं जाऊ दे. मी ओढला असेन. पण तो तारा — तू पाहिलास ना? मी कुणाला सांगायची नाही. मला फक्त कळू दे. तू नाही म्हणालीस तर मी समजेन की माझं डोकं खरंच गेलं." गणिताच्या बाई होत्या. विषयाचा सरळ सोक्षमोक्ष लावायला आल्या होत्या.

मी कणकेतून हात काढला नाही. म्हणाले, "नाही आत्याबाई. आभाळात काहीच नव्हतं."

त्यांनी लोटलेलं दार उघडलं. मग "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःहून नवऱ्याला सांगितलं, मला तिथे नेऊन ठेवा, मी घर पेटवीन एखाद्या दिवशी. तो रडला. मीही रडले, लोकांना दिसेल असं.

आश्रम खरंच साफसुथरा होता. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्या खाटेवर बसल्या होत्या, हातात चहाचा कप. मला पाहून चेहरा हलला. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे वळल्या आणि हळूच विचारलं, "यहाँ कोई खड़ी है क्या?" ती म्हणाली, "हाँ माँजी, बहू आई है आपकी." तेव्हा कुठे माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "ये, बस." तिथली सेविका मला म्हणाली, त्या सगळ्याचंच असं करतात. ताटातला भात, खिडकीतला कावळा. आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारतात.

मी त्यांना घरचं श्रीखंड भरवलं. तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत मराठी समजणारं दुसरं कुणी नव्हतं. मी डबा धुतला आणि निघाले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. तोवर मी दर रविवारी जात होते, आणि दर रविवारी त्या आधी शेजारच्या बाईला विचारायच्या, मगच माझ्याशी बोलायच्या.