घरच्या टाकीतलं शेवाळ

माझा दादा दवाखान्यांतल्या आणि ऑफिसांतल्या माशांच्या टाक्या सांभाळतो. टाकीत वनस्पती लावायच्या, पाणी बदलायचं, शेवाळ काढायचं. "शेवाळ उजेडावर जगतं. दिवा सहा तास, वर एक मिनिट नाही," हे तो गिऱ्हाइकांना फोनवर इतक्यांदा ऐकवतो, की आमच्या आईलाही पाठ झालंय. घरी मात्र दिव्याखाली अंधार.

कमरेचं हाड मोडल्यापासून आईचा पलंग घरच्या टाकीसमोर आहे. दोन वर्षं ती त्या खोलीत अडकली आहे, आणि तिच्यापायी दादा. यंदा दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या मत्स्यालयाने त्याला नोकरीला बोलावलं. पन्नाशीला आलेला माझा भाऊ जिन्यात शीळ घालू लागला. मी खालच्याच मजल्यावर राहते. आई आणि टाकी, दोन्ही माझ्याकडे आणायचं ठरलं. "पण शेवाळ घासणं मला जमणार नाही," मी बजावलं. तेव्हा दादा आईला म्हणाला, "टाकी एकदा स्वच्छ झाली, की निघतो."

टाकी काही स्वच्छ होईना. रविवारी घासली, की गुरुवारी पानांना पुन्हा हिरवी दाढी. त्याने माशांचं खाणं कमी केलं, खत बंद केलं, गोगलगायी आणल्या. त्या खाऊन खाऊन लठ्ठ झाल्या, शेवाळ होतं तिथेच. दिव्याला टायमर लावला, संध्याकाळी पाच ते अकरा. मत्स्यालयाचे दोन फोन येऊन गेले. शीळ बंद झाली.

"खड्ड्यात गेली टाकी, तू निघ," मी ओरडायचे.

"लोकांच्या टाक्या साफ करतो, आणि घरची अशी टाकून जाऊ?"

एकदा एक दवाखाना बंद निघाला, म्हणून दादा दुपारी दोनलाच परतला. आईचं औषध घेऊन मी त्याच्या मागोमाग वर गेले. टाकीचा दिवा लख्ख पेटलेला. आई डोळे घट्ट मिटून पडली होती. हातात काठी, आणि काठीचं टोक अजून टायमरच्या बटणावर.

"आई, झोपेचं सोंग पुरे," मी म्हणाले.

तिने डोळे उघडले, पण पाहिलं दादाकडे. "मला हिच्याकडे नाही रे राहायचं. पोर चांगली आहे. पण फार ओरडते."

मला ते फार लागलं. खोटं नव्हतं, म्हणून जास्तच.

दादाने काठी काढून घेतली, कोपऱ्यात उभी केली. मग मत्स्यालयाला फोन लावला. "नाही जमणार," एवढंच म्हणाला. बाह्या सरसावून काच घासायला बसला. तासभर घासत होता. मी न ओरडता आईला औषध दिलं.

घासून झाल्यावर त्याने हात पुसले, कोपऱ्यातली काठी उचलली आणि आईच्या हाताशी आणून ठेवली.

"बटण हळू दाबत जा," तो म्हणाला. "तुटेल."