माझ्या नावात नवरा काय करतोय?

मागच्या आठवड्यात इथे सिंगापूरला, यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी एक इंटरव्ह्यू दिला... कोरियातल्या सोलमधल्या एका इंग्लिश क्लासचा, व्हिडिओ कॉलवर. इंटरव्ह्यू बरा झाला, डेमो तर मस्तच झाला. आणि मग गाडी अडली ती चक्क माझ्या नावावर.

मागचं थोडं सांगते. मी पुण्यात शाळेत इंग्लिश शिकवायचे, बी.एड. आहे. माझा नवरा जिहून कोरियन. तो रांजणगावच्या एका कंपनीत होता, तेव्हाच आमचं जमलं. लग्नानंतर त्याची सिंगापूरला बदली झाली आणि मी आले डिपेंडंट पासवर, म्हणजे नोकरदाराच्या बायकोला मिळतो त्या परवान्यावर.

या पासवर नोकरी करता येत नाही, स्वतःचा वर्क पास लागतो. तो काढून देणारी शाळा मला काही मिळाली नाही. किती ठिकाणी अर्ज केले, आता आठवतही नाही... "सध्या काय करतेस?" असं कुणी विचारलं की तिथून उठून जावंसं वाटतं. खरं सांगते, पार कंटाळलेय मी.

आता जिहूनला कंपनी परत कोरियात बोलावतेय. तेव्हा कळलं की कोरियन माणसाशी लग्न केलेल्याला तिथे जो व्हिसा मिळतो, त्यावर कुठलंही काम करता येतं. शिकवायचंसुद्धा! एरवी तिथे इंग्लिश शिकवायच्या व्हिसासाठी अमेरिका, ब्रिटन अशा ठरावीक देशांचेच पासपोर्ट बघतात. लग्नाच्या व्हिसाला ती भानगड नाही, फक्त डिग्री हवी, सरकारी शिक्क्यांसकट.

ते शिक्के बाबांनी मिळवले. या वयात, पुण्याहून मुंबईला मंत्रालयात खेपा घालून... कुरिअर आलं त्या दिवशी मी इतकी खूश होते की विचारू नका.

तर त्या क्लासच्या मॅडमनी कॉलवर माझे कागद उघडले. डिग्रीवर मंजिरी अनंत टिळेकर, पासपोर्टवर मंजिरी जिहून पार्क. बराच वेळ त्या दोन्हीकडे आलटून पालटून बघत राहिल्या. मग अगदी सभ्यपणे विचारलं, "जिहून म्हणजे तुमचे मिस्टर ना? मग ते तुमच्या नावात मधे काय करतायत?"

कप्पाळ माझं! आपल्याकडे लग्नानंतर वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनावही बदलतं... हे मी इंग्लिशमध्ये सांगितलं, मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये सांगितलं. त्यांना आपली शंका, ही डिग्री दुसऱ्याच कुणाची तरी आहे. मॅरेज सर्टिफिकेट पाठवते म्हटलं, तर त्यावरही तेच सगळे शिक्के हवेत. म्हणजे बाबा पुन्हा मुंबईला.

दुसऱ्या दिवशी मेल आला. आम्हाला तेवढं थांबता येणार नाही, जागा भरली आहे... मी खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जाऊन चहा घेतला आणि तिथेच ढसाढसा रडले. बाजूच्या टेबलावरच्या आंटीनं काही न विचारता टिश्यूचं पाकीट माझ्याकडे सरकवलं.

एक सांगायला हवं. हे नाव लाव म्हणून मला सासरच्या कुणीही सांगितलेलं नव्हतं. परक्या देशातलं सासर, हिनं आपलं नाव घेतलं नाही असं त्यांना वाटायला नको, असं आईचं म्हणणं... आणि माझंही. पुण्यात सगळ्यांनी चेष्टा केली, मंजिरी पार्क म्हणजे हडपसरची हाउसिंग सोसायटी वाटते म्हणून! तरी मी हौसेनं पासपोर्ट बदलून घेतला.

रविवारी कोरियातल्या डेगूहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलंच, काय झालं. मी सांगायला लागले, अडेल तिथे जिहून कोरियनमध्ये सांगत होता.

मग सासूबाई म्हणाल्या, "मी या घरात आले तेव्हा किम होते, आजही किमच आहे. मला कुणी पार्क केलं नाही. तुला तुझ्या वडिलांचं नाव काढायला कुणी सांगितलं?"

मी जिहूनकडे बघितलं. तो बिचारा म्हणाला, "मला वाटलं, तुमच्याकडे तसा नियमच आहे!" आणि मला वाटत होतं, त्यांच्याकडे ते आवडेल. सासूबाईंना मी पहिल्यापासून ओमोनिम म्हणते, म्हणजे आईच. त्यांचं आडनाव विचारायची वेळच आली नाही. पार्कच असणार, असं मी धरून चालले होते.

कोरियात बायका लग्नानंतर नाव बदलतच नाहीत, हे माझ्याजवळ कुणी बोललं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. आम्ही सगळे एकमेकांचा मान राखत बसलो आणि त्यात माझी हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. हसावं की रडावं, कळेना.

त्याच संध्याकाळी बाबांना फोन केला. म्हटलं, तुम्ही आता मुंबईला जाऊ नका, मी पासपोर्टच परत जुन्या नावाचा करून घेतेय. इकडून सगळी यातायात करावी लागेल, वेळही जाईल, पण करणार.

बाबा माझ्या लग्नात रडले नव्हते. नाव बदललं तेव्हाही "बरं" एवढंच म्हणाले होते. रविवारी मात्र ते फोनवर रडले. मग म्हणाले, "मधे अनंत लावणार ना गं परत?"

हो बाबा, लावणार.

नोकरी अजून नाहीच. पुन्हा अर्ज, पुन्हा डेमो, पुन्हा वाट बघणं... थकलेय, खोटं कशाला बोलू. पण माझं माहेरचं नाव मला परत दिलं ते माझ्या सासूनं, हे मी जन्मात विसरणार नाही.