हिंदुराव आणि चार फूट दहा इंच

हिंदुराव शेलारांचा विषय निघाला की मी आधीच सांगून टाकते: तो माणूस मला फार आवडायचा, आणि त्याला मी अजून माफ केलेलं नाही. दोन्ही खरं आहे. माझा धाकटा भाऊ नंदू त्यांच्याकडे फुटबॉल शिकला, त्यामुळे मला दोन्हींचा हक्क आहे असं मी समजते.

बाबांची तार खात्यातून जयपूरला बदली झाली ती पंचावन्न साली. मी तेव्हा तेरा वर्षांची, नंदू अकराचा. आम्ही सोलापूरचे, तिथल्या मराठी शाळेतून एकदम हिंदी शाळेत येऊन पडलो होतो. वर्गातली पोरं नंदूच्या हिंदीला हसायची. तो शाळेतून आला की पायरीवर बसून राहायचा. एके दिवशी सायकलवरून एक काळासावळा, ताठ पाठीचा माणूस थांबला आणि म्हणाला, "काय रं गड्या, कुनाचा तू? चल, बॉल मारायला येतोस का?" परक्या गावात अशी सातारी बोली ऐकून आईसुद्धा दार उघडून बाहेर आली.

हिंदुराव खटाव तालुक्यातले. सतराव्या वर्षी पलटणीत गेले, लढाई बघितली, हवालदार झाले आणि हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. बायको, भागुबाई, इथेच जयपूरला टायफॉइडने गेली. मूलबाळ नव्हतं. गावी भावकीने त्यांना कधी बोलावलं नाही आणि तेही गेले नाहीत. छावणीतल्या भांडारात नोकरी आणि संध्याकाळी चौगानच्या मैदानावर पोरं, एवढाच त्यांचा संसार. 'विजय बॉईज' नावाचा क्लब त्यांनी काढला होता. त्यात आमच्यासारख्या बदलीवाल्यांची चार-पाच पोरं आणि बाकी सगळी शहरातली. ती त्यांना 'हवालदारजी' म्हणत, आम्ही काका.

त्या काळी पोरांच्या स्पर्धेत वय विचारत नसत, उंची मोजत. जानेवारीत जिल्ह्याचा कप असे. सामन्याआधी प्रत्येक पोराला अनवाणी फळीला टेकवून उभं करायचे. चार फूट दहा इंचांच्या आत बसला तर लहान गटात, नाही तर बाहेर. मग काय, मापात पाप आलंच. कोणी गुडघे वाकवायचं, कोणी मान आत ओढायचं. हिंदुरावांची युक्ती पलटणीतली होती. मोजणीच्या दिवशी पहाटे ते पोरांच्या डोक्यावर वाळूची पोती देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावत. मणके दबतात म्हणे, पाव-अर्धा इंच उंची कमी भरते. पोरं हसत हसत पळायची. मीही कडेला उभी राहून हसायचे.

नंदू खेळायचा मात्र असा की बघत राहावं. सत्तावन्न साली कप आला, अठ्ठावन्नला आला. गोल झाला की हिंदुराव त्याला उचलून खांद्यावर घ्यायचे आणि मैदानभर फिरवायचे. शाळेत त्याच्या हिंदीला हसणारी पोरं आता "नंदू भैया, नंदू भैया" करत मागे फिरायची. बाबा ऑफिसात कोणाच्या खिजगणतीत नव्हते, त्यांना लोक 'नंदूचे पिताजी' म्हणून ओळखू लागले. एवढं सगळं आमच्या घराला त्या चार फूट दहा इंचांनी दिलं होतं.

अठ्ठावन्नच्या पावसाळ्यात नंदूने दाराच्या चौकटीला टेकून स्वतःला मोजलं. चार फूट साडेनऊ. हिंदुराव त्याच्या पाठीत थाप मारून म्हणाले, "आता वाढू नगंस बरं का मर्दा!" थट्टाच होती ती. चौदा वर्षांच्या पोराने ती खरी धरली.

तो दूध प्यायचा बंद झाला. आईने पेला पुढे ठेवला की ती वळेपर्यंत थांबायचा आणि माझ्याकडे सरकवायचा. मी प्यायचे. रात्रीची भाकरी सदऱ्याखाली लपवून बाहेर गाईला घालायचा. आईला वाटे, अभ्यासाचा ताण. मला त्याने शपथ घातली होती, आणि खरं सांगायचं तर मला दूध आवडायचं आणि कपाची मिरवणूकही आवडायची. पण दिवाळीनंतर त्याच्या गळ्याची हाडं दिसू लागली तेव्हा मला राहवेना. आईला न सांगता मी हिंदुरावांना गाठलं.

"काका, नंदू जेवत नाही. मतलब, मुद्दाम जेवत नाही. उंची वाढू नये म्हणून."

ते बॉलला हवा भरत होते. हात थांबला. माझ्याकडे न बघता त्यांनी बॉलचं तोंड बांधलं. मग म्हणाले, "पोरी, येवढा जानेवारी उरकू दे. मग मी सवता म्होरं बसून खाऊ घालतो त्याला."

जानेवारी उरकला. तिसरा कप आला. हिंदुराव काही बोलले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही. पुढचा जानेवारी होताच की.

आणि एकोणसाठच्या डिसेंबरात कमिटीचा कागद आला. उंचीचं माप बंद. यापुढे एक जानेवारीला ज्याचं वय पंधराच्या आत, तोच लहान गटात. शाळेचा दाखला आणावा. नंदूला पंधरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. दीड वर्ष अर्धपोटी राहून ज्या मापात त्याने स्वतःला बसवलं, ते मापच कोणाला नको झालं. त्या वर्षी मैदानात मिशा फुटलेली 'चौदा वर्षांची' पोरं दाखले घेऊन उतरली, आणि चार फूट दहाचा माझा भाऊ दोरीबाहेर उभा होता.

हिंदुराव कमिटीपुढे जाऊन भांडले, आरडाओरडा केला, शेवटी हात जोडले. कोणी ऐकलं नाही. मोठ्या गटात नंदूला त्यांनी दोन हंगाम खेळवलं. तिथले गडी खांद्याचा धक्का द्यायचे आणि हा चार हात लांब पडायचा. मग तो आपणच जायचा थांबला. बूट त्याने शेजारच्या पोराला देऊन टाकले.

तेव्हापासून हिंदुराव रोज सकाळी सायकलवर दुधाची कासंडी अडकवून आमच्याकडे येऊ लागले. समोर बसून नंदूला दूध पाजायचे, कधी दोन अंडी आणायचे. बैल गेला नि झोपा केला! मला त्यांचा असा संताप यायचा की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. नंदू मुकाट्याने प्यायचा. दोन वर्षांत एक इंच वाढला, तेवढाच. बाबांनी डॉक्टरांना दाखवलं. आई आणि हिंदुराव सोबत होते. डॉक्टरांनी आईकडे बघितलं, ती स्वतः पाच फुटांना कमीच, आणि म्हणाले, "उंची घराण्याचीही असेल. खाण्यामुळे का, ते आता सांगता येत नाही." हिंदुराव बाहेर येऊन जिन्यावर बसले. "होय म्हनला असता तर बरं झालं असतं," एवढंच बोलले.

चिनी लढाईनंतर भरती निघाली. नंदूला पलटणीत जायचं होतं, लहानपणापासून एकाच माणसाकडे बघून त्याने ते ठरवलं होतं. हिंदुराव त्याला घेऊन गेले, जुन्या साहेबाला भेटले. उंचीच्या पहिल्याच खुणेखाली नंदू पुरता मावला, तिथूनच परत पाठवला. त्या महिन्यात हिंदुरावांनी विजय बॉईज बंद केला. नंदू विम्याच्या कचेरीत कारकून झाला.

अडुसष्टच्या हिवाळ्यात हिंदुराव छातीच्या दुखण्याने इस्पितळात पडले. मी तेव्हा लग्न होऊन जयपुरातच टिळक नगरात राहत होते. नंदू आणि मी एका दुपारी भेटायला गेलो. फार वाळले होते. नंदूने त्यांची उशी नीट केली, पाणी पाजलं. मग त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"नंदू, तू जेवत नव्हतास, ते मला ठावं होतं. पोरीनं सांगितलं होतं मला. कपासाठी गप बसलो."

मी खिडकीशी उभी होते. नंदूला दहा वर्षांत हे मी सांगितलं नव्हतं. त्याचा दिवस त्यांच्याच नावाने उगवायचा, मला ते मोडवलं नाही. आता तो ओरडेल, उठून जाईल, असं मला वाटलं.

तो तिथेच बसून राहिला. हात सोडवला नाही. "ठाऊक आहे काका," तो म्हणाला. "खांद्यावर घेताना माणसाला वजन कळतंच की. मला फार भूक लागायची हो. रोज वाट बघायचो. कोणीतरी एकदा नुसतं म्हणावं, नंदू, जेव. मी लगेच जेवलो असतो."

हे तो हिंदुरावांना म्हणाला. बघत मात्र माझ्याकडे होता.