वन्संच्या काचेच्या ताटल्या

फोन आला तेव्हा आम्ही जाफराबादच्या आमच्या कापडदुकानात होतो. ह्यांनी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, "अक्का गेली..." जालन्यात सकाळी दवाखान्यात पाऊल टाकतानाच वन्संचं हृदय थांबलं होतं. त्याला आता महिना होऊन गेला.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, डॉक्टर. ऐंशीच्या दशकात त्यांनी जालन्यात दवाखाना टाकला आणि मागच्या खोलीत लॅब. कुणाची लघवी, कुणाच्या जखमेतला पू... दवाखान्यात दाखवून घरी जाणाऱ्या साध्या पेशंटांचेही नमुने घेऊन त्यातले जंतू काचेच्या ताटलीत वाढवत आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या पांढऱ्या टिकल्या ठेवत. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवतीचे जंतू मरून स्वच्छ रिंगण दिसे. "आधी ह्या औषधाला केवढं रिंगण यायचं," एकदा मला दाखवत म्हणाल्या, "आता बघ, आक्रसत चाललंय." कोणतं औषध निकामी होतंय, हे त्या गावातल्या डॉक्टरांना जाऊन सांगत. काहींना ते रुचलं नाही. एकानं पेशंट पाठवणंच बंद केलं. त्यावर वन्सं एवढंच म्हणाल्या, "त्यांच्या पेशंटला काय लागू पडतंय, ते आता कोण बघंल?"

ह्यांना साखरेचा आजार. नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात चप्पल लागून पायाला जखम झाली. मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, ठणका थांबला की सोडायच्या, चिघळलं की दुसऱ्या आणायच्या. बहिणीला कळवायचं नाही, "उगं घाबरंल." पाय काळा पडू लागला तेव्हा मीच त्यांना जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. वन्संनी पू तपासायला घेतला, इंजेक्शनं सुरू केली. दोन दिवसांनी ताटली बघायला आत गेल्या, त्या लवकर बाहेर येईनात. मी डोकावले, तर ताटली उजेडाकडे धरून उभ्या. एकाही टिकलीभोवती रिंगण नव्हतं.

"दुसरं काही औषध असंल ना, वन्सं?"

"माझ्याकडं न्हाई गं." मग हळूच म्हणाल्या, "मी गावभर सांगत फिरून राह्यले, आन् घरातलंच कळलं न्हाई मला..."

औरंगाबादला नेऊन गुडघ्याखाली पाय काढावा लागला. जीव वाचला. वन्संना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

हे जयपुरी पाय लावून चालू लागले आणि दुकानाच्या सुट्टीला एसटीनं जालन्याला जाऊ लागले. दवाखान्यातल्या बाकावर बसून, पँट वर करून पेशंटांना सांगायचे, "बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या मी. तुम्ही सोडू नका." वन्संना ते बघवत नसे. "झाक रे तो पाय," म्हणायच्या. हे ऐकत नसत.

गेल्या आठवड्यात मला ताप आला. उतरला तशी मी गोळ्या विसरून कामाला लागले. वन्संची एक सवय होती, घरच्या कुणालाही औषध दिलं की गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. हे पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आले. "ठेवा तिथं, घेते," मी म्हटलं. ते गेले नाहीत. मी गोळी गिळली. रिकामा पेला माझ्या हातातून घेत म्हणाले, "अक्का न्हाई ना आता बघायला..."